काड्या, डेक आणि लॅपटॉप : ड्रमरच्या पोटापाण्याचा हिशोब

उजवा_पाय | १४ जून, रात्री ११:५२

गेल्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरच्या बिलावरून व्हायचं ते भांडण होऊन गेल्यावर शेजारच्या साहेबांनी मला गाठलं. "तुम्ही नक्की करता काय हो? कधी ते मोठमोठे डबे रिक्षात कोंबताना दिसता, कधी नुसता लॅपटॉप घेऊन निघता." म्हटलं, ड्रम्स वाजवतो, डीजे आहे आणि म्युझिक प्रोड्यूस करतो. त्यावर ते म्हणाले, "म्हणजे तिन्हीतलं एकही धड चालत नाही का?"

खवचटपणा पुणेरी होता, पण प्रश्न खोटा नव्हता. म्हणून हा धागा. ह्या धंद्यात मला पंचवीसेक वर्षं झाली. नाव सांगण्यासारखा कुणी नाही, पण घराचे हप्ते ह्यावरच फेडलेत.

सुरुवात ताशाने झाली. शाळेचं पथक, सातवी-आठवीत असेन. त्या वयात ढोल कमरेला पेलायचा नाही म्हणून काड्या हातात दिल्या. नदीपात्रात संध्याकाळी सराव, अंगावर डास, आणि दादा लोकांचा एकच धोशा : "पळू नको!" मी पळायचो, म्हणजे लय वाढवायचो. तर्री, म्हणजे ताशावरची सलग भराभर थाप, सुटली की हात थांबायचेच नाहीत.

टिळक रोडवरच्या पहिल्या मिरवणुकीत एक गोष्ट बघितली, तिचा अर्थ लागायला दहा वर्षं गेली. पुढे ताशे, मागे ढोलांच्या रांगा, शेवटची रांग माझ्यापासून वीसेक मीटर लांब. मी मागे वळलो तर त्या रांगेतल्या मुलाचं टिपरू (ढोलाची काठी) ढोलाच्या पानावर पडताना दिसतंय आणि 'धूम' मात्र जरा नंतर ऐकू येतंय. मला वाटलं, हा उशिरा वाजवतोय. तो मुळीच चुकत नव्हता. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास तीन मिलिसेकंद. वीस मीटरला झाले साठ. आता १२० च्या टेम्पोत, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग १२५. म्हणजे माझा ताशा त्याच्याकडे पोचेपर्यंत पाव ठोक्यातला अर्धा वाटेतच संपला. मागच्या मुलाने माझं ऐकून वाजवलं तर त्याचं वाजवणं माझ्याकडे परत यायला आणखी साठ. म्हणून चांगल्या पथकात मागची रांग कानावर वाजवत नाही, डोळ्यांवर वाजवते. पुढच्याचा हात, ध्वजाची उसळी, वादनप्रमुखाचा वर गेलेला हात, हे बघून.

ड्रमर, डीजे, प्रोड्यूसर ही तीन कामं लोकांना वेगळी वाटतात. मला तिन्हीकडे हाच उशीर सांभाळावा लागला. कुठे तो लपवायचा, कुठे भरून काढायचा आणि कुठे मुद्दाम ठेवायचा.

उद्या मुंबईला जायचंय, सकाळची गाडी आहे. बाकीचं नंतर लिहितो. काही विचारायचं असेल तर विचारा.

धा_तिरकिट | १५ जून, सकाळी ७:१०

सुरुवात आवडली. पण तुम्ही ताशावरून थेट ड्रम्सवर गेलात की मध्ये कुणाकडे रीतसर शिकलात? आमच्यात, म्हणजे तबल्यात, आधी दहा वर्षं कायदे-रेले (ठरलेल्या बोलांच्या रचना), मग स्टेज. ड्रमवाल्यांचं आठवीत शिकायला लागून नववीत गॅदरिंगला वाजवून मोकळं होतं, असं माझं निरीक्षण आहे. चिडू नका.

पेठकर७४ | १५ जून, सकाळी ९:३५

तुमच्या साठ मिलिसेकंदांचं कौतुक आहे. आमच्या खिडकीच्या काचा मात्र दर सप्टेंबरात त्याच मिलिसेकंदांना थरथरतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. हे तुमच्या वादनप्रमुखाला माहीत असतं का? आणि डीजे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत.

उजवा_पाय | १६ जून, रात्री १२:२०

धा_तिरकिट, चिडलो नाही, कारण मी तसाच होतो. कॉलेजात फिरोदिया करंडकाच्या एका टीममध्ये घुसलो. तिथे स्टेजवर एकाच वेळी नाच, नाट्य, चित्रकला आणि लाइव्ह संगीत सगळं चालतं, त्यामुळे वाजवणाऱ्या हाताची कायम गरज असते. ड्रमसेट भाड्याचा, तोही तालमीला मिळायचा नाही. तालीम व्हायची बाकावर आणि बादलीवर. शिक्षण खूप उशिरा सुरू झालं. पंचविशीत कॅम्पातल्या एका सरांकडे गेलो. त्यांनी दोन महिने मला सेटला हात लावू दिला नाही. एक रबरी पॅड, एक मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टक्-टक् करणारं यंत्र), ६० चा टेम्पो, उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. ह्याला पॅराडिडल म्हणतात. असे ४० प्रकार प्रमाण मानले जातात, म्हणजे तुमचे कायदेच समजा. ६० वर वाजवणं १६० पेक्षा अवघड जातं. दोन ठोक्यांमध्ये जी रिकामी जागा असते तिच्यात माणूस उघडा पडतो.

त्याआधीची चार वर्षं ऑर्केस्ट्रा. गणपती, नवरात्र, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम, लग्नं. ऑक्टापॅड आणि शेजारी एक स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम. ऑक्टापॅड म्हणजे आठ रबरी चौकोन, मारलं की इलेक्ट्रॉनिक आवाज देणारे, १९८५ च्या सुमाराला रोलँड कंपनीने काढला. आपल्याकडे त्याच्यावर ढोलकी, डफ, घुंगरू सगळं वाजलं. एका रात्रीचे २५० रुपये आणि पुरी-भाजी. अष्टपैलू हा शब्द लोक कौतुकाने वापरतात. आमच्याकडे त्याचा अर्थ इतकाच होता की ढोलकीवाला आला नाही तर त्याचेही हात तूच वाजव, पैसे तेवढेच.

पेठकर, ५५ आणि ४५ मला माहीत आहेत. रात्री दहा ते सहा ही 'रात्र' आहे, हेही. तुमच्या काचांबद्दल खरंच वाईट वाटतं आणि पथकांची संख्या फार वाढली हे मलाही पटतं. एका चौकात तीन पथकं एकमेकांवर वाजवतात, त्याला मी वादन म्हणणार नाही. फक्त ट्रकवरच्या भिंतीला डीजे म्हणू नका हो. आमच्या आईने नातेवाइकांना "मुलगा डीजे आहे" असं सांगितल्यावर एका मामांनी फोन करून विचारलं होतं, "वरातीला टेम्पोसकट किती घेतो?"

निळी_छत्री | १६ जून, सकाळी ११:०५

टेम्पोसकट 😂 मला अजून विचारतात. मीही डीजे आहे, सहा वर्षं झाली. आधी बाणेर-मुंढव्याकडचे क्लब, आता बहुतेक लग्नाचे संगीत आणि कंपन्यांच्या पार्ट्या. माझं एक निरीक्षण : ड्रमर लोक डीजे झाले की मिक्सिंग पटकन जमतं, पण गाणं निवडायला वेळ लागतो. त्यांना ग्रूव्ह, म्हणजे ठेका, आवडला की तेच दहा मिनिटं चालू ठेवतात. पब्लिक बसतं.

आणि सिंकचं बटण (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं) वापरता की नाही, ते आधी सांगा. त्यावरून माणूस कळतो.

उजवा_पाय | १६ जून, रात्री ११:३०

ताई, पहिल्या वर्षी माझ्यावर फ्लोअर बसलाय, एकदा नाही, चारदा. ड्रमरला स्वतःच्या ठोक्याचं प्रेम असतं, ते खरं.

सिंक : नव्या गाण्यांना वापरतो, लाज नाही. ती क्लिकवरच, म्हणजे मेट्रोनोमच्या टक्-टक् वरच, बनलेली असतात. १२६ म्हणजे शेवटपर्यंत १२६. खरी मजा जुन्या गाण्यांची. साठ-सत्तरच्या दशकातली फिल्मी गाणी सगळे वादक एकत्र बसून वाजवायचे. क्लिक नाही. अंतऱ्याला लय किंचित चढते, परत मुखड्याला आली की बसते. तिथे लॅपटॉपने काढलेला टेम्पो म्हणजे सरासरी, आणि सरासरीवर कुणी नाचत नाही. बोट पिच फेडरवर, म्हणजे गाण्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या पट्टीवर, ठेवून सतत ढकल-ओढ करावी लागते. टेक्निक्सच्या एसएल-१२०० टर्नटेबलवर हा फेडर अधिक-उणे ८ टक्के सरकतो. आम्ही शिकलो सीडी प्लेअरवर, पण तत्त्व तेच. हेडफोन एका कानावर, दुसरा कान उघडा. एका कानात येणारं गाणं, दुसऱ्यात चालू असलेलं. दोन गाण्यांतल्या किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचे ठोके) एकमेकांवर नसल्या की घोड्याच्या टापांसारखा आवाज येतो, टप्-टप्, टप्-टप्. त्या एकात विरघळेपर्यंत ढकलायचं.

इथे तो मिरवणुकीतला उशीर परत भेटतो. मोठ्या लॉनवर मेन स्पीकर तुमच्यापासून पंधरा मीटर पुढे, लोकांकडे तोंड करून. डीजेने त्या आवाजावर मिक्स केलं तर चाळीस-पंचेचाळीस मिलिसेकंद मागचं ऐकून मिक्स करतोय. म्हणून बूथ मॉनिटर, म्हणजे डीजेला ऐकायचा वेगळा स्पीकर, शेजारी लागतो. एका नामांकित हॉटेलच्या लॉनवर आयोजकांनी "फोटोत दिसतो" म्हणून मॉनिटर काढून टाकला. नवरदेवाच्या एन्ट्रीला माझ्या टापा सुटल्या. पाहुण्यांना कळलंही नसेल. ढोलवाले बाहेर चहा पीत होते, त्यातला एक मात्र आत डोकावून माझ्याकडे बघून हसला.

फेडर | १७ जून, दुपारी १:१५

आमच्याबद्दल चार शब्द बोला की. मी लाइव्ह साउंड करतो. तो मॉनिटर मागून-मागून घसा सुकतो, शेवटी डेकोरेशनवाला जिंकतो.

उजवा पाय, एक भर घालतो. पुण्यात आमच्या पिढीचं काम खऱ्या अर्थाने वाढलं ते २०१० नंतर. २०१० च्या डिसेंबरात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पहिल्यांदा झाला तो पुण्यातच. त्याआधी आम्ही सगळे ऑर्केस्ट्रा आणि नाटकाच्या दौऱ्यांवर होतो. एकाच दिवशी अनेक स्टेज, दर तासाला बँड बदलणार, लाइन चेकला (प्रत्येक माइक चालतोय का हे बघायला) दहा-पंधरा मिनिटं, हे शिकणं तिथून सुरू झालं. ड्रम सेटला माइक लावायचे म्हणजे किकला एक, स्नेअरला वर-खाली दोन, प्रत्येक टॉमला (मधल्या ड्रमला) एक, हाय-हॅटला (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीला) एक, वर दोन. एकटा ड्रमर आठ-दहा चॅनेल खातो. डीजे खातो दोन. म्हणून आयोजकांना डीजे आवडतो, हे कडू सत्य.

उजवा_पाय | १७ जून, रात्री १०:४०

फेडर, शंभर टक्के. पाच जणांच्या बँडला पाच जणांचं मानधन, प्रवास, जेवण, दोन तास साउंड चेक. मी एकटा दोन यूएसबी घेऊन आलो की काम संपलं. २००६-०७ मध्ये आमचा कव्हर बँड, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवणारा, मोडला तो भांडून नाही, ह्याच गणिताने. जिथे आम्ही वाजवायचो त्याच ठिकाणाहून आठवड्याभरात मला एकट्याला बोलावणं आलं. मी गेलो. बेसिस्ट मित्राने वर्षभर फोन उचलला नाही. ते अजून बोचतं.

धा_तिरकिट | १८ जून, सकाळी ६:५०

हे मोकळेपणाने लिहिलंत. पण एकच माणूस तालवाद्य, डीजेचा डेक आणि स्टुडिओ तिन्ही सांभाळतो, हे आपल्याकडच्या लोकांनी चांगलं करून दाखवलंय. तल्विन सिंग तबल्याचा माणूस, लंडनमध्ये 'अनोखा' नावाची क्लब नाइट चालवायचा, आणि १९९९ मध्ये त्याच्या 'ओके' अल्बमला ब्रिटनमधला मर्क्युरी पुरस्कार मिळाला. कर्ष काळे तबला वाजवतो, ड्रम्स वाजवतो, डीजेही आहे. झाकीरभाईंबरोबर तबला बीट सायन्स ह्या गटात होता. आणि रणजित बारोट : सितारादेवींचा मुलगा, म्हणजे घरातच कथकाचे बोल. हातात ड्रम्स, वर स्टुडिओचं काम. झाकीरभाई डिसेंबर २०२४ मध्ये गेले तेव्हा आमच्या क्लासातल्या एका मुलाने त्यांचं वादन पहिल्यांदा ऐकलं ते कुठल्या तरी इलेक्ट्रॉनिक ट्रॅकमध्ये. आधी राग आला, मग म्हटलं, ऐकलं तर खरं.

उजवा_पाय | १८ जून, रात्री ११:१५

ह्या यादीत चरणजित सिंग हवेत. सिनेसंगीतातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली. रोलँडचं टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३ बास मशीन घेऊन. तेव्हा ती फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये परदेशात परत निघाली आणि लोक थक्क झाले, कारण शिकागोतलं ॲसिड हाउस नावाचं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत ह्यानंतर काही वर्षांनी आलं आणि आवाज मात्र तसाच. भैरव रागात ३०३ चा तो चिकट, वळवळता बास एकदा हेडफोनवर ऐका.

आता स्टुडिओची गोष्ट, कारण माझं खरं शिक्षण तिथे झालं. २००९, अंधेरीतला एक स्टुडिओ. जाहिरातीसाठी तीस सेकंदांचं ड्रमिंग. कानात क्लिक, समोर काच. मी वाजवलं, मला वाटलं कडक. आतून आवाज आला, "आत या जरा." संगीत संयोजकाने स्क्रीनवर माझी स्नेअर मोठी करून दाखवली. उभ्या रेषा म्हणजे क्लिक, आणि माझा प्रत्येक ठोका रेषेच्या डावीकडे. वीस-बावीस मिलिसेकंद आधी, पहिल्या बारपासून (आवर्तनापासून म्हणा) शेवटच्या बारपर्यंत. शांतपणे म्हणाला, "तुम्ही मिरवणुकीत वाजवायचात का?"

मला घाम फुटला. नदीपात्रातलं 'पळू नको' वीस वर्षांनी स्क्रीनवर छापून आलं होतं. पथकात पुढच्याला थोडं आधी वाजवायची सवयच लागते, मागच्यांना ओढून न्यायचं असतं ना. स्टुडिओत मागे कुणीच नसतं.

मग त्याने एक गोष्ट केली, तिच्यामुळे मी प्रोड्यूसर झालो असं म्हणेन. माझी किक रेषेवर बसवली, हाय-हॅट तशीच पुढे ठेवली आणि स्नेअर रेषेच्या उजवीकडे ढकलली, पंधरा मिलिसेकंद. वाजवून दाखवलं. तोच मी, तेच हात, पण आता गाणं मागे रेलून बसल्यासारखं. घाई गेली, वजन आलं.

अकाईच्या एमपीसी ह्या ठेके बांधायच्या मशीनवर ह्यासाठीच स्विंगचा आकडा असतो, म्हणजे मधला ठोका किती मागे सरकवायचा तो. ५० म्हणजे पाव ठोके अगदी सरळ, ६६ म्हणजे जवळजवळ तिश्र, तिनाच्या चालीचं. मधल्या ५४ ते ५८ मध्ये अख्खं हिपहॉप राहतं. आपल्या ढोलकीवाल्यांना हा आकडा कुणी सांगितला नाही, त्यांच्या बोटांत तो असतोच. एकदा एका ढोलकीपटूचा ठेका रेकॉर्ड करून मी आकडा मोजायला बसलो, तर तो दर ओळीला बदलत होता. गायिका श्वास घेईल तिथे रुंद, बोल दाट असतील तिथे अरुंद. मशीनमध्ये बसवणं सोडून दिलं आणि त्याचं वाजवणं तसंच ठेवलं. त्या ट्रॅकचं काम मला अजून आवडतं.

चिंताग्रस्त_बाबा | १९ जून, सकाळी ८:२०

धागा वाचून धीर आला आणि गेलाही. मुलगी अकरावीत आहे, कोथरूडला राहतो, दुसरा मजला. ड्रम्स शिकायचे म्हणते आणि पुढे 'प्रोड्यूसर' व्हायचंय. आम्ही दोघंही बँकेत. मला तीनच गोष्टी सांगा. एक, घरात सेट ठेवता येतो का? दोन, ह्यात महिन्याला काय मिळतं? तीन, कान जातात का?

पेठकर७४ | १९ जून, सकाळी ९:००

पहिल्या प्रश्नाचं उत्तर खालच्या मजल्यावरच्यांना विचारा. विशेषतः एक ते चार.

उजवा_पाय | १९ जून, रात्री ११:५०

बाबा, तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी दोन्ही भरून काढता येतात, हा नाही.

कान जातात. माझा डावा अर्धवट गेलाय. रात्री पंखा बंद केला की त्या कानात बारीक कुईऽऽ चालू असते, बंदच होत नाही. ताशाच्या बाजूचा कान तो, पुढे हाय-हॅटच्या बाजूचाही तोच. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या शिफारशीत हिशोब असा आहे : ८५ डेसिबलला आठ तास चालेल, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. पथकाच्या मधोमध उभं राहिलात तर ती पंधरा मिनिटं पहिल्या चौकातच संपतात. कापूस उपयोगाचा नाही. तो वरच्या पट्टीतलं थोडं खातो, म्हणून बरं वाटतं, एवढंच. वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग मिळतात, काड्या घ्यायच्या आधी ते घ्या. पेठकर, इथे तुमचं-माझं एकमत आहे बघा.

घरात सेट : खरा सेट नको. इलेक्ट्रॉनिक घेतलात तरी जाळीच्या पॅडचा फारसा आवाज येत नाही, पण किकच्या पेडलची धडक स्लॅबमधून खाली जाते आणि खालच्यांना भिंतीवर कुणी बुक्के मारतंय असं वाटतं. दोन प्लायवूडच्या मधे टेनिस बॉल अर्धे गाडून लोक घरीच फळी बनवतात, तिने बराच फरक पडतो. पण पहिलं वर्षभर एक प्रॅक्टिस पॅड, एक मेट्रोनोम आणि एक चांगलं स्टूल. स्टूल नीट घ्या. मी दहा वर्षं प्लास्टिकच्या खुर्चीवर वाजवलं, आता कंबरेचा पट्टा लावतो. आणि ब्लूटूथ हेडफोनवर पॅड वाजवू देऊ नका. त्यात इतका उशीर असतो की मूल स्वतःच्या चुका सुधारता सुधारता नव्या चुका शिकतं. लॅपटॉपवर रेकॉर्ड करतानाही बफर नावाचा आकडा असतो, लॅपटॉप आवाज एका वेळी केवढ्या तुकड्याने घेतो तो. ५१२ ठेवला तर एका बाजूचेच साडेअकरा मिलिसेकंद जातात. १२८ वर ठेवायला सांगा.

पैसे. ठरावीक आकडा नाही. माझं वर्ष असं असतं : नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नं, त्यात वर्षाचं अर्धं पोट. मार्च-एप्रिलला जाहिराती आणि वेब मालिकांचं स्टुडिओ काम. जून-जुलै कोरडे, तेव्हा शिकवतो. ग्रेडच्या परीक्षांना बसणारी मुलं असतात, आठ ग्रेड असतात. गणपतीत पथकात जात नाही, कानाच्या डॉक्टरांनी हात जोडले. तिन्ही कामं एका वर्षी कधीच एकदम बुडत नाहीत, हीच ती 'व्हर्सटाइल' असण्याची कमाई. २०२० ला मात्र स्टेजची दोन्ही एकदम बुडाली आणि तिसऱ्याने, लॅपटॉपने, घर चालवलं. लोकांचे आवाज त्यांच्या-त्यांच्या बेडरूममधून यायचे, कुणाच्या मागे कुकरची शिट्टी, कुणाच्या मागे कुत्रा. ते साफ करत बसायचो.

तुम्ही दोघंही बँकेत, म्हणजे तिला एक गोष्ट तुम्हीच शिकवू शकाल. बिल कसं करायचं, टीडीएस कापला की तो आयकराच्या २६एएस विवरणात दिसतोय का हे कसं बघायचं, सेवेसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी. मला हे पस्तिसाव्या वर्षी कळलं, तोवर दोन कंपन्यांनी कापलेला टीडीएस भरलाच नव्हता.

निळी_छत्री | २० जून, दुपारी १२:४०

आणि हक्कांचं लिहा ना. माझ्या एका लूपवर (परत परत फिरणाऱ्या ठेक्याच्या तुकड्यावर) दुसऱ्याचं गाणं उभं आहे आणि मला मिळालं 'थँक्यू यार'.

उजवा_पाय | २० जून, रात्री ११:०५

ताई, ह्यावर आमच्या जमातीचं सगळ्यात मोठं उदाहरण सांगतो. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या द विन्स्टन्स ह्या बँडने एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाचा तुकडा टाकला. त्यात ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटा चार बार वाजवतो, सहा-सात सेकंद. ऐंशीच्या दशकात सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्डमधला तुकडा उचलून वाजवणारी यंत्रं, आले आणि ती सहा सेकंदं कापून-चिरून हजारो गाण्यांत गेली. जंगल आणि ड्रम-अँड-बास हे अख्खे प्रकार त्यावर उभे आहेत. कोलमन २००६ मध्ये वारला, त्याला त्याचा एक पैसा मिळाला नव्हता. २०१५ ला चाहत्यांनी वर्गणी काढून बँडच्या प्रमुखाला सुमारे २४ हजार पौंड दिले. ड्रमर तोवर नव्हताच.

आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा पक्का केला. चित्रपटासाठी लिहिलं-बांधलं तरी तो वाटा सही करून सोडून देता येत नाही. पण ठेका बांधणारा संगीतकारात मोजला जाणार की 'प्रोग्रामिंग'च्या ओळीत, हे कायदा तुमच्यासाठी ठरवत नाही, तुम्हीच ठरवून घ्यायचं असतं. लूप पाठवायच्या आधी. व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून घेतल्या तरी काहीतरी हातात राहतं : हा ठेका माझा, गाणं निघालं तर संगीतात माझा वाटा इतका, नाव असं छापायचं. मित्राला हे कसं विचारू, असं वाटतं. मलाही वाटलं. मित्र तोही गेला आणि ठेकाही.

धा_तिरकिट | २१ जून, सकाळी ७:३०

सात सेकंदांत आमच्याकडे तिहाईसुद्धा (शेवटी तीनदा वाजवायचा तुकडा) पुरी होत नाही. आणि त्यावर दोन अख्खे संगीतप्रकार!

चिंताग्रस्त_बाबा | २९ जून, संध्याकाळी ६:१५

आयडी बाबांचा, लिहितेय मी. काका, बाबांनी पॅड आणि स्टूल आणलं. प्लग ऑनलाइन मागवलेत. बाबांनी एक्सेलमध्ये माझ्या नावाची शीट करून त्यात पहिला खर्च टाकलाय, 'व्यवसाय : साहित्य' असं.

तुमचा वीस मीटरचा प्रयोग आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये केला. मैत्रीण टोकाला जाऊन टाळ्या वाजवत होती, मी इकडून फोनवर व्हिडिओ काढला आणि फ्रेम-फ्रेम बघितला. तिचे हात मिटलेले दिसतात आणि आवाजाची उसळी पुढच्या फ्रेमच्याही नंतर येते. ३० फ्रेमच्या हिशोबाने दोन फ्रेमपेक्षा जरा कमी. म्हणजे साठच्या आसपास ना? मग मी तिला ऐकून टाळी मिळवायचा प्रयत्न केला. आम्ही दोघी हळू-हळू होत गेलो आणि शेवटी हसून थांबलो. नंतर तिच्या हातांकडे बघून वाजवलं, तेव्हा लय टिकली, पण मला माझंच चुकीचं ऐकू येत होतं.

प्रश्न असा, की चुकीचं ऐकू येत असताना बरोबर वाजवत राहायचं कसं?

पेठकर७४ | २९ जून, संध्याकाळी ७:००

वॉचमनने काही म्हटलं नाही का?

उजवा_पाय | २९ जून, रात्री १०:२०

बेटा, पायाने. हात समोर बघून वाजवू देत, टाच जमिनीवर मोजत राहू दे. कान काहीही सांगोत, टाच सोडायची नाही. दोन आठवडे ६० वर कर, मग ५० वर.

ओळखीचं एक पथक पुढच्या रविवारी चार वाजता नदीपात्रात सराव सुरू करतंय, म्हात्रे पुलाच्या बाजूला. मी लांब उभा असेन, कानात प्लग घालून. बाबांना घेऊन ये. शेवटच्या रांगेत उभं करतो.